सागरविज्ञानाचे शिक्षण: पदवीआधी वाट ठरवण्याची गरज

सागरविज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची पहिली गफलत शब्दांतच होते. मर्चंट नेव्हीसाठीचे सागरी अभियांत्रिकी शिक्षण, मत्स्यविज्ञान आणि सागरविज्ञान ही तीन क्षेत्रे बहुधा एकाच नावाखाली जमा केली जातात. प्रत्यक्षात त्यांचे अभ्यासक्रम वेगळे, प्रवेशाच्या अटी वेगळ्या आणि नोकरीची दारेही वेगळी आहेत. चुकीच्या पदवीने दुसरे दार सहसा उघडत नाही, ही बाब अनेकांच्या लक्षात येते ती पदवी हाती पडल्यानंतर.

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. मात्र राज्यातील जुन्या तीन सरकारी मत्स्य महाविद्यालयांपैकी समुद्रालगतचे महाविद्यालय एकच, ते रत्नागिरीजवळ शिरगाव येथे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हे महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. उरलेली दोन नागपूर आणि उदगीर येथे, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. वरकरणी हे विचित्र वाटले, तरी त्यामागे कारण आहे. मत्स्यविज्ञानाचा संबंध केवळ समुद्राशी नाही. तलाव, धरणे आणि शेततळ्यांतील मत्स्यपालनही त्याच शास्त्रात येते.

मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी व्यावसायिक स्वरूपाची आहे. बीजोत्पादन, मासेमारीची साधने, मत्स्यप्रक्रिया, रोगनिदान आणि अर्थशास्त्र हे विषय त्यात शिकवले जातात. पुढील शिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरकारी मत्स्यव्यवसाय खाती, कृषी संशोधन सेवा, बँकांतील कृषी अधिकारीपदे, कोळंबी बीजोत्पादन केंद्रे आणि निर्यातदार प्रक्रिया कारखाने येथे या पदवीला मागणी असते.

सागरविज्ञानाची वाट याहून निराळी. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात बीएस्सी आणि त्यानंतर एमएस्सी, असा तिचा क्रम आहे. मराठी विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे केंद्र गोव्यात आहे. गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि तेथून थोड्याच अंतरावर, दोना पावला येथे, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय आहे. वास्को येथे ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. शिक्षण आणि संशोधन यांचे असे सान्निध्य देशात फार थोड्या ठिकाणी आढळते.

पूर्वी ही सोय नव्हती. नागपूरच्या डॉ. आदिती पंत यांनी पुणे विद्यापीठातून बीएस्सी केल्यानंतर एमएस्साठी हवाई आणि पीएचडीसाठी लंडन गाठले. मायदेशी परतून त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या आणि १९८३ च्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. विदर्भातून समुद्राकडे जाणारी वाट तेव्हा परदेशातून जात होती.

आज समुद्राचे ज्ञान थेट उपयोगाला येते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ मध्ये स्थापन झाले. उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याची शक्यता आहे, याची सूचना हे केंद्र मच्छीमारांना देते. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ मध्ये, तेथेच पूर्वसूचना केंद्र उभे राहिले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी ३०५ हा तराफा बुडून अनेक कर्मचाऱ्यांचे प्राण गेले. इशारा देणे आणि तो वेळेत पाळला जाणे, या दोन्हींचे मोल त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

अशा कामासाठी लाटा, प्रवाह आणि वातावरण यांचे गणित मांडणारी माणसे लागतात. विद्यार्थ्यांचा ओढा मात्र प्रवाळ, मासे आणि कासवांकडे, म्हणजे जीवशास्त्राकडे अधिक दिसतो. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन पदवीधर झालेल्यांनी या शाखेचा विचारच न करणे, हे या क्षेत्राचे आणि त्यांचेही नुकसान आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारे ‘मत्स्य ६०००’ हे वाहन तिचाच भाग आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांचा विरोध असलेल्या अशा प्रकल्पांत जैवविविधता, गाळ आणि प्रवाह यांचे सर्वेक्षण कळीचे ठरते. किनारपट्टी नियमन क्षेत्रातील परवानग्यांसाठी सल्लागार कंपन्यांनाही असे तज्ज्ञ लागतात. येथे एक अडचण उरतेच: सर्वेक्षणाचा खर्च प्रकल्प उभारणाराच करतो आणि तरुण संशोधकाच्या निष्कर्षाची कसोटी तेथे लागते.

संशोधन संस्थांमधील कायम पदे मोजकीच असतात. नेट उत्तीर्ण होऊन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएचडीची वर्षे निभावतात. अन्यथा मुदतीच्या प्रकल्पांवर काम करावे लागते आणि प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो. त्यात जहाजावरील मोहिमा काही आठवडे चालतात, हे घरच्यांनाही आधीच ठाऊक असलेले बरे. प्रवेश घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खाते आणि गोव्यातील संशोधन संस्था यांच्या मागील काही वर्षांच्या भरतीच्या जाहिराती शेजारी ठेवून त्यांतील पात्रतेच्या अटी वाचाव्यात. कोणती पदवी कोठे चालते, ते तेथेच स्पष्ट होते.