ठासणीची झाली तरी बंदूकच

१९८५ साली मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही बंदूक बाजारात आणली आणि अमेरिकेतल्या ठासणीच्या बंदुकीचा चेहरामोहराच बदलला. आधी घोडा आणि दारू पेटवणारी टोपी नळीच्या बाजूला असत. नाइट यांनी टोपी नळीच्या थेट मागे बसवली. ठिणगी सरळ दारूवर पडू लागली. पुढे दुर्बिणी आल्या, वड्यांच्या रूपातली दारू आली.

ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम राखला गेला तो अगदी उलट विचाराने. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला: एकच बार, जवळून, धीर धरून. कोलोरॅडोत या हंगामात आजही दुर्बीण आणि दारूच्या वड्या चालत नाहीत. हा कडकपणा योग्यच आहे.

खरा घोळ रूपांतराच्या बंदुकांनी होतो. थॉम्प्सन सेंटर कंपनीच्या ‘एन्कोर’मध्ये सांगाडा तोच राहतो, नळी बदलली की काडतुसाची रायफल ठासणीची होते. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठासणीच्या बंदुका ‘पुरातन’ ठरवून बहुतांशी मोकळ्या सोडल्या. मात्र नळी किंवा बोल्ट बदलून जी सहज काडतुसाची होते, तिला १९९८ च्या दुरुस्तीनुसार ही सवलत नाही. दुरुस्ती चांगली, पण ती बंदूक विकण्या-बाळगण्यापुरती. रानात माणूस मरतो तो हाताळणीतल्या चुकीने.

रायफलीची सवय असलेला शिकारी इथेच फसतो. काळी दारू मापाने, आकारमानावर घेतात. धूरविरहित दारू वजनावर. नेहमीच्या ठासणीच्या नळीत धूरविरहित दारू भरली, तर दाब कैक पटींनी वाढून नळी फुटू शकते. गोळी दारूवर घट्ट टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तरी नळीला धोका. म्हणून ठासण्याच्या गजावर खूण करावी: भरलेल्या नळीत गज किती आत जातो हे त्यावरून कळते आणि चुकून दुसऱ्यांदा ठासणेही टळते. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये, आधीच्या बाराचा निखारा आत असू शकतो. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावे. तो उशिराही उडतो. शिवाय धुरामुळे बारानंतर समोरचे काही दिसत नाही, तेव्हा हरणामागे काय आहे हे चाप ओढण्याआधीच पाहिलेले हवे. अंगावर भडक नारिंगी जाकीट असावे, ते दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावे म्हणून.

कोकणाला ही बंदूक परकी नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण परवाना तिलाही लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकारही बंद झाली. अमेरिकेत शिकार चालू राहणार, हे मान्य. तिथे शिकारी प्रशिक्षणाचा दाखला बहुतेक राज्यांत लागतोच. त्यासाठी बंदूक प्रत्यक्ष ठासून आणि रिकामी करून दाखवण्याची परीक्षा असायला हवी. आज अनेक राज्यांत टोपी काढली की बंदूक रिकामी धरली जाते, गाडीत ठेवता येते. नळीत दारू आणि गोळी तशीच असते. ही सूट आधी रद्द व्हावी.