चुका खाणारा पाणलावा

पाणलावा हे नाव ज्याने कोणी ठेवले, त्याची नजर चांगली होती. लावा म्हणजे ज्वारीच्या शेतात अगदी पायाखालून भुर्रकन उठणारा गोलमटोल, मातकट पक्षी. पाणलावाही तसाच मातकट, पण लांब चोचीचा. भाताच्या खाचरात, तळ्याच्या काठी चिखलात चोच खुपसून तो किडे काढतो. शास्त्राच्या हिशेबाने दोघांचे नाते नाही. लावा कोंबड्यांच्या गोतातला आणि पाणलावा टिटवीच्या गोतातला. पण गावच्या माणसाला दोघांत सारखेपण दिसले आणि पाण्याजवळचा लावा तो पाणलावा, असा त्याने निकाल लावून टाकला.

असाच पेच १८३३ साली दक्षिण अमेरिकेत चार्ल्स डार्विनला पडला. तेव्हा तो अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बाहिया ब्लांका येथे होता. तिथल्या रुक्ष माळावर त्याला एक छोटा पक्षी वारंवार दिसे. जमिनीवर दबून बसला की मातीत मिसळून जाई, तेव्हा लाव्यासारखा. उडाला की लांब टोकदार पंखांनी वेडीवाकडी भरारी घेई, तेव्हा थेट पाणलाव्यासारखा. ‘बीगल’ जहाजावरच्या शिकारी मंडळींनी तर त्याला आखूड चोचीचा पाणलावाच ठरवले होते. डार्विनने त्याचा सांगाडा पाहिला आणि शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. हा पक्षी पाणथळीतल्या गोताचाच, फक्त पाण्यापासून दूर गेलेला.

त्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव एश्शोल्ट्झ या निसर्गशास्त्रज्ञाने १८२९ सालीच ठेवले होते : थिनोकोरस रुमिसिव्होरस. यातला ‘रुमिसिव्होरस’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. रुमेक्स म्हणजे चुक्याचे कूळ. मंगळवारच्या किंवा शनिवारच्या बाजारात आपण आंबट चुक्याची जुडी घेतो, तो याच कुळातला. थोडक्यात, पक्ष्याचे नाव ‘चुका खाणारा’. घरात आई ज्याला भाजी म्हणते आणि आज्जी सोप्पु म्हणते, ती पालेभाजीच या पाखराचे मुख्य अन्न. इंग्रजीत या घराण्याला सीडस्नाइप म्हणजे दाणे खाणारा पाणलावा म्हणतात. ते नाव तितकेसे खरे नाही. दाणे तो खातो, पण पाने, कोंब आणि कळ्या यांवर त्याचा जास्त भर असतो.

यात नवल काय, असे कोणी म्हणेल. पोपट पेरू खातो, चिमणी ज्वारी खाते. पण टिटवीच्या गोताची चाल वेगळी आहे. टिटवी, चिखल्या, तुतवार, समुद्रावरचे कुरव हे जवळजवळ सगळे किडे, अळ्या, गोगलगायी, खेकडे, मासे यांवर जगणारे. या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात सगळे घराणेच पालेभाजीवर आले आहे ते सीडस्नाइपचे. चोच आखूड आणि जाड झाली, अन्न दळायला कोंबडीसारखा मजबूत पेटा आला. नाकपुड्यांवर एक पातळ पडदाही आहे. वाऱ्याबरोबर येणारी धूळ आत जाऊ नये म्हणून तो असावा, असे जाणकार मानतात.

या घराण्यात चारच जाती. दोन लहान, दोन मोठ्या. सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या, बहुतेक अँडीज पर्वताच्या आणि पॅटागोनियाच्या आश्रयाने राहणाऱ्या. त्यांतली सर्वांत दक्षिणेची पांढऱ्या पोटाची जात मला विशेष वाटते. पाठीवर तपकिरी खवले-खवले, पोट स्वच्छ पांढरे, आकार साधारण कबुतराएवढा. ती राहते खंडाच्या अगदी शेपटीकडे, दक्षिण पॅटागोनिया आणि तिएरा देल फुएगो बेटाच्या डोंगरमाथ्यांवर. तिथे जंगलाची हद्द साधारण ६०० मीटरवरच संपते. शेवटची झाडे ‘लेंगा’ नावाची असतात. (आपल्या लेंग्याशी संबंध नाही!) त्यांच्यावर मग दगड, बर्फ आणि जमिनीला उशीसारखी चिकटून वाढणारी झुडपे. या उशा इतक्या घट्ट असतात की बोट आत जात नाही. त्यांच्या कोवळ्या टोकांवर पांढऱ्या पोटाच्या या पक्ष्याचे चालते. हिवाळ्यात बर्फाने सगळे झाकले की तो खाली उतरतो आणि बर्फ वितळले की पुन्हा वर जातो.

त्याच्या नावाची गंमत ऐका. बॉडार्ट या डच शास्त्रज्ञाने १७८३ साली त्याला ‘मालुइनस’ हे नाव दिले. मालुइन म्हणजे फॉकलंड बेटे, हे त्यांचे फ्रेंच नाव. एका जुन्या फ्रेंच चित्रावर ‘मालुइन बेटांवरचा लावा’ असे लिहिलेले होते, त्यावरून हे आले. प्रत्यक्षात हा पक्षी त्या बेटांचा रहिवासी नाही. क्वचित एखादा वाऱ्याने भरकटून तिकडे गेला असेल तेवढाच. पण कागदावर एकदा गाव लागले की ते पुसले जात नाही, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या पक्ष्यांचा सविस्तर अभ्यास गॉर्डन मॅक्लीन यांनी केला आणि तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी ते आफ्रिकेच्या कालाहारीत पखुर्ड्यांच्या मागे होते. आपल्याकडच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातही पखुर्डी दिसते. ती रोज ठरल्या वेळी थव्याने पाण्यावर येते. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी वाहून नेतो, ही पूर्वी दंतकथा वाटणारी गोष्ट मॅक्लीन यांनी एका सहकाऱ्यासह १९६७ साली पक्की केली. मग ते सीडस्नाइपकडे वळले. दिसायला दोघे एकसारखे : गोल अंग, आखूड पाय, मातीचा रंग, रुक्ष माळाचे राहणे. पण सीडस्नाइप पाण्यावर जातच नाही. रसदार पाने खाल्ली की त्याची तहान भागते. पखुर्डी कोरडे दाणे खाते, म्हणून तिला मैलोगणती उडावे लागते. एकाच तऱ्हेच्या दोन घरांत ताटातला पदार्थ बदलला की सारा दिनक्रम कसा बदलतो ते यात दिसते.

अंड्यांची काळजी मात्र थेट टिटवीच्या वळणाची. जमिनीवर उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी. लहान जातींत मादी एकटी अंडी उबवते आणि नर आसपास पहारा देतो. उठायची वेळ आली की ती पायांनी माती उडवून अंडी झाकून टाकते. शत्रू अगदी जवळ आलाच, तर पंख मोडल्याचे सोंग करून त्याला दूर नेते. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि स्वतःच पाने टिपतात. भरवण्याचे लाड नाहीत.

आता नात्याचे. या पक्ष्याचे सख्खे भाऊबंद कुठे असतील? शेजारच्या ब्राझीलमध्ये नाहीत. ते आहेत ऑस्ट्रेलियात. तिथल्या विरळ गवताळ माळांवर प्लेन्सवाँडरर नावाचा एक पक्षी आहे. कित्येक वर्षे त्याची गणना लाव्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच एका गोतात होत होती. १९८१ साली ओल्सन आणि स्टेडमन यांनी त्याची हाडे तपासून तो सीडस्नाइपच्या जवळचा असल्याचे दाखवले, आणि पुढे डीएनएनेही तेच सांगितले. दोघांच्या मध्ये अख्खा प्रशांत महासागर! उत्तर असे दिले जाते की दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले होते, तेव्हाचे हे घराणे. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांवरून याच गोतातल्या एका नामशेष पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याला ‘हकावाई’ हे नाव देण्यात आले. तुटलेल्या साखळीतली एक कडी हाती आली.

या दोघांच्या पुढचे जवळचे नातलग मात्र आपल्या दारातले आहेत : कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी आणि रंगीत पाणलावा. तळ्याकाठच्या गवतात संध्याकाळी शांत उभे राहिले तर दोन्ही दिसू शकतात. यांच्या घरचा कारभारही वेगळा. कमळपक्षी, रंगीत पाणलावा आणि ऑस्ट्रेलियातला तो भाऊ, तिघांकडेही अंडी उबवतो नर. पाणलाव्याची आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याची मादी तर नराहून जास्त रंगीत असते. सीडस्नाइपच्या लहान जातींनी मात्र हे काम मादीकडेच ठेवले आहे.

ऑस्ट्रेलियातल्या भावाची स्थिती बरी नाही. गवताळ माळ नांगरले गेले, आणि २०१५ साली तिथल्या सरकारने त्याला अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर केले. पांढऱ्या पोटाच्या सीडस्नाइपचे नाव धोक्याच्या यादीत नाही. त्याच्या डोंगरमाथ्यावर नांगर पोचत नाही. पण उशुआया शहराच्या डोक्यावरची मार्शल हिमनदी गेल्या शतकभरात खूपच आक्रसली आहे. पक्षीनिरीक्षक त्याला पाहायला ज्या जागी चढून जातात, ती हीच. ऊब वाढली की झाडांची हद्द वर सरकू शकते, तिच्या पुढे झुडपांच्या उशाही. मैदानातल्या पक्ष्याला सरकायला जागा असते. उशुआयाच्या मागच्या डोंगरांची उंची मात्र हजार-पंधराशे मीटरच्या आसपास संपते, आणि त्यांच्या दक्षिणेला थोडी बेटे सोडली तर अंटार्क्टिकापर्यंत समुद्रच आहे.