कॅमेरा गेला, डोळे राहिले

घरफोडी झाली की शेजारीपाजारी प्रथम एकच प्रश्न विचारतात : काय काय गेले? घरधनी मग यादी सांगू लागतो. इतके तोळे सोने, इतकी रोकड, मुलाचा संगणक. अलीकडे या यादीत कॅमेराही असतो. सोन्याचे मोल सोनार सांगू शकतो, कॅमेऱ्याचे मोल दुकानदार सांगू शकतो. परंतु जो मनुष्य मनाच्या ओढीने छायाचित्रे काढीत होता त्याचे नेमके काय गेले, हे कोणत्याही यादीत लिहिता येत नाही. वाचकहो, आज त्याच गोष्टीचा थोडा विचार करू.

आमच्या परिचयातील एक शिक्षक खानापूर तालुक्यात राहतात. कुटुंब लग्नासाठी गोव्यास गेले असता त्यांचे घर फोडले गेले. दागिन्यांबरोबर कॅमेरा गेला, आणि दहा वर्षांची छायाचित्रे ज्यात साठविली होती तो संगणकही गेला. काही महिन्यांनी त्यांच्या बंधूंनी दुसरा कॅमेरा आणून दिला, तोही चांगला. तो कपाटात तसाच पडून राहिला. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘पूर्वी मी बाजारात जाई तेव्हा माणसांच्या चेहऱ्यांवरचा प्रकाश पाहत असे. आता मनात येते, यांच्यातलाच तर कोणी नसेल?’’ त्यांच्याकडे छायाचित्रे पाहण्यास नेहमी येणारा शेजारचा एक मुलगा होता. त्याच्याविषयीही त्यांचे मन साशंक झाले. पुरावा काहीच नव्हता. परंतु त्यांनी त्याला पूर्वीसारखे ‘‘ये, बस’’ म्हणणे सोडले, आणि तोही येईनासा झाला.

चोरीचा खरा घाव येथे असतो. छायाचित्रकलेला यंत्र लागते, पण त्याहून अधिक लागते ती निर्धास्त नजर. अंगणात निवांत बसून भिंतीवर सरकणारे ऊन पाहणारा डोळा चोरीनंतर कडी, कुलूप आणि कौलांतील फट पाहू लागतो. एक नजर सौंदर्य शोधते, दुसरी धोका शोधते. आणि दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. शिवाय खेड्यातील माणूस आपला चेहरा कॅमेऱ्यापुढे धरतो तो विश्वासाने. ज्याच्या मनात संशय आहे त्याने काढलेल्या चित्रात तो संशय उतरल्यावाचून राहत नाही.

उपायाचा विचार करताना व्यवहार प्रथम उरकावा, म्हणजे मनाला मोकळीक मिळते. वस्तूंना हात लावण्यापूर्वी खोलीची, तुटलेल्या कुलपाची, विस्कटलेल्या कपाटाची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत. मग पोलिस ठाण्यात खबर द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. खबरीत कॅमेऱ्याचा व भिंगांचा अनुक्रमांक अवश्य लिहावा. पावती हरवली असली तरी खोक्यावर तो छापलेला असतो. शिवाय अनेक डिजिटल कॅमेरे प्रत्येक छायाचित्राच्या फाइलीत तो आपोआप नोंदवून ठेवतात. नातलगांना पाठविलेली एखादी मूळ फाइल अशा वेळी उपयोगी पडते. माल सापडलाच, तर न्यायालयाने त्याची यादी करून छायाचित्र घ्यावे व त्याची व्यवस्था लवकर लावावी, अशीही तरतूद याच संहितेत आहे.

नवा कॅमेरा घेताना मात्र एक गोष्ट सांभाळावी. जुन्या बाजारात पावतीवाचून फार स्वस्त मिळणारी वस्तू दुसऱ्या कोणाच्या घरातून आलेली असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. आणि स्वतःचे घर फोडले गेलेल्या मनुष्यास तर त्यामागचे दुःख निराळे सांगावयास नको.

गेलेल्या चित्रांविषयी म्हणावे तर ती नेहमीच सर्वस्वी गेलेली नसतात. आपण लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या, पहिल्या कम्युनियनच्या वेळी काढलेली चित्रे मामाकडे, आत्याकडे, पुण्यामुंबईच्या भावंडांकडे गेलेली असतात. ती मागून घ्यावीत. यापुढे प्रत्येक चित्राच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. आणि निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. आल्बम पळविणारा चोर विरळा.

आता मनाची गोष्ट. प्राग शहरातील योसेफ सुडेक या छायाचित्रकाराचे चरित्र येथे आठवते. १८९६ साली जन्मलेला हा मनुष्य व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारा. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याने उजवा हात गमावला. ते काम पुढे करता येईना, म्हणून तो छायाचित्रणाकडे वळला आणि अवजड लाकडी कॅमेरे एका हाताने हाताळू लागला. १९२६ मध्ये वादकमंडळींबरोबर इटलीस गेला असता तो त्यांना सोडून, जेथे घायाळ झाला होता ती जागा शोधीत फिरला. जागा सापडली, हात अर्थातच सापडला नाही, असे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. परत येऊन तो कामास लागला. १९४० नंतर, प्राग जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, त्याने आपल्या कार्यशाळेच्या खिडकीचीच चित्रे घेण्यास आरंभ केला : काचेवरचे दव, बाहेरचे वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला. ही चित्रमालिका १९५४ पर्यंत चालली आणि आज ती जगभर नावाजली जाते. बाहेरचे जग भयाने भरलेले असता त्याला एक खिडकी पुरली.

आपल्यालाही पुरेल. ज्या घराची भीती वाटू लागली आहे त्याच घरात आरंभ करावा. एक खिडकी निवडावी आणि महिनाभर रोज एकच चित्र घ्यावे, मोबाइलही चालेल. वस्तू खिडकीच्या बाजूस ठेवावी म्हणजे प्रकाश कडेने पडून तिचा आकार उठून दिसतो. उलट बाजूस पांढरे धोतर किंवा चादर धरली की सावली सौम्य होते. पांढरी भिंत अथवा पांढरा पोशाख चित्रात करडा येतो, कारण यंत्राचे मोजमाप दृश्यास मध्यम उजेडाचे धरून चालते. तेव्हा प्रकाशाचे प्रमाण थोडे वाढवावे. काळी घोंगडी असेल तर कमी करावे. चोरट्याने उघडलेले कपाट, बदललेली कडी, आजीची रिकामी पेटी, हीसुद्धा चित्राचे विषय होऊ शकतात. ज्या कोपऱ्याकडे पाहवत नव्हते त्याचे चांगले चित्र घ्यावयाचे तर त्याच्याकडे अर्धा तास पाहावे लागते. आणि अर्धा तास पाहिल्यावर तो पुन्हा आपल्या घराचा कोपरा होतो.

त्या शिक्षकांचा आरंभ थोडा निराळा झाला. शेजारच्या घरातील आजी वारल्या. शिक्षकांनीच पूर्वी काढलेले त्यांचे चित्र घरच्यांना मोठे करून हवे होते. मूळ चित्र संगणकाबरोबर गेलेले. त्यांच्याकडे उरला होता तो हाताएवढा जुना ठसा. तो त्यांनी आपल्या नातवाबरोबर पाठविला. हा नातू म्हणजेच तो येईनासा झालेला मुलगा. शिक्षकांनी ठसा खिडकीजवळ सपाट ठेवला, कपाटातून कॅमेरा काढला, तो ठशाशी समांतर धरला, फ्लॅश बंद ठेवला. एका बाजूस सावली येत होती. ‘‘चादर धर रे जरा,’’ असे ते त्या मुलास म्हणाले, आणि त्याने धरली. चोर आजतागायत सापडलेला नाही. परंतु मुलगा पुन्हा येऊ लागला आहे.

होमाई व्यारावाला, भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांनी १९७० मध्ये स्वतःच्या निर्णयाने कॅमेरा खाली ठेवला आणि आपले उत्तरायुष्य वडोदऱ्यास शांतपणे घालविले. तेथेच २०१२ साली त्या निवर्तल्या. कलावंताने कला केव्हा थांबवावी हा त्याचा अधिकार आहे, आणि म्हणूनच तो चोरट्याच्या हाती सोपवू नये. ज्यांच्या घरी असा प्रसंग घडला असेल त्यांनी कुलूप भक्कम लावावे, संशयाला पुराव्यावाचून घरात घेऊ नये, आणि उद्या सकाळी ऊन आत येईल तेव्हा खिडकीपाशी उभे राहावे.