आधी साधी, मग विजेची?

"पोराने आधी साधी गिटार घासावी, मग विजेचीचे बघू," असा सल्ला जळगाव-धुळ्याकडची जाणती मंडळी आईबापांना देत असतात. ही काटकसर नव्हे. हा दुहेरी खर्च आहे! साध्या गिटारीची सर्वांत बारीक पोलादी तार बहुधा 12 सहस्रांश इंच जाडीची असते, विजेच्या गिटारीची 9. जाड तार दाबून कोवळी बोटे सोलतात, पोर वाद्य टाकते, आणि आपण निकाल देतो, याला आवडच नाही! नायलॉनची तार मऊ खरी. पण त्या गिटारीची मान रुंद, चिमुकल्या मुठीत मावत नाही.

शेजारी काय म्हणतील? ज्या खानदेशात वरातीच्या बँडपुढे अख्खी आळी निमूट जागते, तेथे हे भय कसले? वाटलेच, तर ध्वनिवर्धकाला हेडफोन लावावा.

दुकानात रंगाला भुलू नये. तारा पट्टीपासून फार उंच नसाव्यात, पडद्यांची टोके बोचू नयेत, बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच स्वर नेमका वरच्या सप्तकात यावा. साडेपंचवीस इंची तार झेपत नसेल, तर आखूड गिटार घ्यावी.

मुलाच्या कानात एक वाद्य वाजत असताना त्याच्या हाती दुसरे देणे, याला शिक्षण म्हणत नाहीत.