सीताफळाच्या पेशीपासून कर्करोगापर्यंत

राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळे बी.एस्सी.चे चौथे वर्ष आता संशोधनाला देता येते. भोकरच्या विद्यार्थ्याने संशोधन करायचे तरी कशावर?

डॉ. कमल रणदिवे यांच्या कारकिर्दीत त्याचे उत्तर सापडते. पुण्यात १९४३मध्ये एम.एस्सी. करताना त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रे. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतीसंवर्धन शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर वाढवलेल्या जिवंत पेशी त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळता येऊ लागल्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर अभ्यासला. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

सीताफळ आपल्याही रानात आहे. गुणसूत्रे पाहायला महाविद्यालयातला चांगला सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्य आणि चिकाटी पुरते. घोडे अडते ते पुढे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी. त्यासाठी केंद्राचे 'आय-स्टेम' पोर्टल आहे. इतर संस्थांची उपकरणे त्यावरून वापरायला मिळू शकतात. मात्र शुल्क आणि प्रवासाचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारला, तर चौथे वर्ष कागदावरच उरेल. तो भार महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने उचलायला हवा.