मृगाआधी पाळ तपासा!

सेलू तालुक्यातील शेतकरी, शेतमजूर बंधू-भगिनींनो,

हिंगणीजवळचे बोर धरण १९६५ सालचे, मातीचेच. ते मोठे म्हणून धरण सुरक्षितता कायदा, २०२१ त्याला लागू आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करणे मालकावर बंधनकारक आहे. मात्र हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर. दहा मीटरपेक्षा बुटके पाझर तलाव आणि गावतलाव त्यात बसत नाहीत. त्यांच्या खाली मात्र आपलीच शेते, गोठे आणि घरे आहेत.

धरण लहान म्हणून धोका लहान, हा समज सोडा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. खेकडे, घुशी पाळ पोखरतात हे खरेच. म्हणूनच बिळे शोधून बुजवायला माणूस नेमावा लागतो!

मातीची पाळ एका रात्रीत फुटलेली दिसते, पण ती बिघडत जाते वर्षानुवर्षे. पाळीवर बाभूळ वाढते, तिची मुळे आत शिरतात. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. सांडवा गाळाने, झुडपांनी तुंबला की पूर पाळीवरून वाहतो आणि माती कापत जातो. पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवा. पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झाले, तर आतली माती वाहून चालली आहे. मग क्षणभरही थांबू नका, तहसील कार्यालयाला कळवा आणि खालच्या वस्तीला उठवा.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक तलावावर फलक हवा. तलाव जिल्हा परिषदेचा की जलसंधारण विभागाचा, जबाबदार अधिकारी कोण, फोन कोणता, हे त्यावर लिहा.

२. मेअखेर आणि पावसाळा संपताच गावकऱ्यांसमोर पाहणी करा. अहवाल ग्रामपंचायतीत लावा.

३. झुडपे तोडणे, सांडवा मोकळा करणे, निखळलेले दगडी अस्तर बसवणे यासाठी दरवर्षी वेगळा निधी द्या.

४. पाळ फुटली तर कोणत्या वाटेने, कुठे जायचे, हे खालच्या प्रत्येक वस्तीला आधी सांगा.

नव्या कामाचे भूमिपूजन होते, जुन्या पाळीकडे कोणी फिरकत नाही. हे आता चालणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, ठराव घ्या आणि त्याची पोच मागा. उत्तर आले नाही तर सारे मिळून कार्यालयात जाऊ.

देखभाल ही मेहरबानी नाही, आमचा हक्क आहे!

– तलावाखालचे शेतकरी, सेलू तालुका, जि. वर्धा