गुपित रुग्णाचे, कर्तव्य समाजाचे

संसदेने २०१७ साली संमत केलेला एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. एचआयव्हीची चाचणी करण्यापूर्वी त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती घेतली पाहिजे, चाचणीच्या आधी व नंतर तिला समुपदेशन मिळाले पाहिजे आणि चाचणीचा निष्कर्ष तिच्या लेखी संमतीवाचून इतरांना सांगता कामा नये, या त्या कायद्यातील तीन प्रमुख अटी. कायद्यात त्यांना मोजके अपवाद आहेत. पण अटी स्पष्ट आहेत.

तथापि, आपल्या सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजात या अटींविषयी दोन मते सातत्याने ऐकू येतात. एक मत असे की, ही सारी मानवाधिकारवाद्यांची आयात केलेली कल्पना आहे. स्वैर वागणाऱ्याला त्यामुळे पडदा मिळतो आणि निरपराध जोडीदार फसतो. दुसरे मत असे की, हा विषय आपल्यासारख्या सरळमार्गी कुटुंबांचा नाहीच. मग त्याची चर्चा कशाला? ही मते मांडणारी माणसे आपल्यातीलच आहेत, म्हणून त्यांचा विचार येथे करणे अगत्याचे आहे.

दुसऱ्या मताचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०२३ च्या एका निकालात मिळते. संसदेवरील हल्ल्यानंतर सुरू झालेल्या 'ऑपरेशन पराक्रम'च्या काळात भारतीय वायुसेनेचा एक जवान जम्मू विभागात कर्तव्यावर होता. जुलै २००२ मध्ये तो आजारी पडला. सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला रक्ताची एक पिशवी देण्यात आली. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, तो एचआयव्हीबाधित असल्याचे निष्पन्न झाले. २०१६ मध्ये त्याला सेवेतून निवृत्त व्हावे लागले. आपल्या आजाराचे मूळ दाखविणारी कागदपत्रे मिळविण्यासाठीही त्याला झगडावे लागले. रक्त देण्यापूर्वी त्यातील धोका समजावून त्याची संमती घेण्यात आली नव्हती, हाही न्यायालयापुढील एक मुद्दा होता. न्यायालयाने त्याला सुमारे एक कोटी चौपन्न लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि त्याच निकालात २०१७ च्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी सरकारांना व न्यायालयांना निर्देश दिले. देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या या जवानाला आपण कोणत्या तोंडाने चारित्र्याचा प्रश्न विचारणार आहोत? पतीकडून संसर्ग झालेली गृहिणी आणि मातेकडून संसर्ग झालेले बालक यांनाही तोच प्रश्न विचारावयाचा काय? विषाणूला माणसाचे चारित्र्य कळत नाही. त्याच्या नावावरून चारित्र्याचा निवाडा करणारे आपणच असतो.

आता पहिल्या मताकडे वळू. गोपनीयतेमुळे रोग पसरतो, असे त्या मताचे सार आहे. अनुभव नेमका उलट आहे, आणि तो आपल्या शेजारीच, गोव्यात, पुरेशी किंमत मोजून मिळालेला आहे. १९८९ साली म्हापशाच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्याचे रक्त बाधित आढळले. समुपदेशन दूरच राहिले. पोलिसांकरवी त्याला ताब्यात घेऊन क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका इमारतीत ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच तेव्हा होती, आणि त्याच्या मातेने दाखल केलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ती वैधही ठरविली. त्याचा अपराध कोणता, तर त्याने रक्तदान केले! गावभर झालेल्या या बोभाट्यानंतर आपण होऊन चाचणीला पुढे येण्याची हिंमत किती जणांना झाली असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. १९९२ मध्ये डॉमिनिकचे निधन झाले. परंतु सक्ती आणि बोभाटा यांनी रोग आटोक्यात येत नाही, तो केवळ भूमिगत होतो, हा धडा त्याच्या प्रकरणाने देशाला दिला.

आज तर हा धडा अधिकच महत्त्वाचा झाला आहे. १९८९ मध्ये या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भाव असलेल्या राज्यांत शासनाने एआरटी औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि पुढे ती सोय देशभर पोहोचली. २०१७ पासून तर बाधा आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत आढळू नये इतके घटले आणि तसेच राहिले, तर तिच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. उपचारांअभावी बाधित मातेकडून बालकाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणजेच जोडीदाराचे व बालकाचे रक्षण करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग चाचणीच्या खोलीतून जातो. देशात आज सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज आहे, आणि संख्येने महाराष्ट्र त्यांत अग्रभागी आहे. यांतील ज्यांना स्वतःच्या बाधेची कल्पनाच नाही, त्यांना त्या खोलीपर्यंत आणणे हे खरे आव्हान आहे. आपले नाव तेथून बाहेर फुटणार नाही, एवढा विश्वास असेल तरच माणूस तेथवर येतो.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला न विचारता ही चाचणी उरकून घेण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी आढळते, तिचाही विचार याच दृष्टीने व्हावयास हवा. डॉक्टर व परिचारिका यांची भीती खोटी नाही. तथापि, संसर्ग झाल्यानंतरच्या प्रारंभीच्या काही आठवड्यांत चाचणी निर्दोष येऊ शकते. अशा निष्कर्षावर विसंबून हातमोज्यांत ढिलाई करणारा कर्मचारी स्वतःलाच फसवितो. प्रत्येक रुग्ण बाधित असू शकतो असे समजून सर्वांच्या बाबतीत सारखीच दक्षता घेणे, सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घेणे, हाच कर्मचाऱ्यांचा खरा बचाव आहे. त्यासाठीची साधने व प्रशिक्षण पुरविण्याची जबाबदारी कायद्याने संस्थांवर टाकलेली आहे. ही साधने द्यावयाची नाहीत आणि रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने शेरा मारून मोकळे व्हावयाचे, हा कसला वैद्यकीय धर्म?

मध्यमवर्गीय कुटुंबांत हा विषय प्रामुख्याने येतो तो विवाहाच्या निमित्ताने. पत्रिका जुळल्यावर रक्ततपासणीही व्हावी, असे अनेक पालकांना वाटते. वधूवरांनी परस्परांच्या आरोग्याची माहिती घ्यावी, ही अपेक्षा योग्यच आहे. तथापि, व्यवहारात काय घडते? ओळखीच्या लॅबमधून परस्पर चाचणी करून घेतली जाते, अहवाल ज्याचा त्याला मिळण्याआधी मामा-काकांच्या हाती पडतो, आणि कित्येकदा चाचणीचा आग्रह फक्त मुलीकडे धरला जातो. हे कायद्याला धरून नाही आणि न्यायाला तर नाहीच. दोघांनी मिळून, स्वेच्छेने, शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे, अहवाल आपापला स्वीकारावा आणि तो एकमेकांना स्वमुखाने सांगावा, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उलट, सहजीवनाचा आरंभ सत्याने होतो.

त्यापुढे जाऊन कायद्यानेच विवाहपूर्व चाचणीची सक्ती करावी, अशी मागणीही अधूनमधून होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये हा प्रयोग केला. पहिल्या सहा महिन्यांत ७० हजारांहून अधिक इच्छुकांची चाचणी झाली. बाधित आढळले केवळ आठ. खर्च अफाट झाला, विवाहाचा परवाना काढण्यासाठी जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊ लागली, आणि १९८९ मध्ये राज्याला तो कायदा मागे घ्यावा लागला. पाश्चात्त्यांचे अनुकरण करू नये, असे आपण नेहमी म्हणतो. निदान त्यांनी टाकून दिलेल्या गोष्टीचे तरी करू नये.

मग त्या निरपराध पत्नीचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. रुग्णालयात रक्त तपासले गेलेल्या एका डॉक्टरची बाधा उघड झाली व त्याचा ठरलेला विवाह मोडला. रुग्णालयाविरुद्धची त्याची तक्रार न्यायालयाने फेटाळली. नियोजित वधूचे प्राण धोक्यात असताना गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही, असे सांगितले. त्या निकालात बाधितांच्या विवाहाच्या अधिकाराविषयी जी व्यापक विधाने होती, ती प्रकरणाच्या निर्णयासाठी आवश्यक नव्हती, असा खुलासा न्यायालयानेच २००२ मध्ये केला. २०१७ च्या कायद्याने हाच तोल अधिक काळजीपूर्वक साधला आहे. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे, समजावूनही रुग्ण सांगत नाही, अशी डॉक्टरची वा समुपदेशकाची खात्री झाली, तर रुग्णाला तशी पूर्वकल्पना देऊन ते जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत, समुपदेशनासह सांगू शकतात. मात्र बाधित स्त्रीला त्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल, अशी रास्त भीती असेल, तर हा अधिकार वापरता येत नाही. शिवाय समुपदेशन झालेल्या बाधित व्यक्तीवरही इतरांना संसर्ग होऊ न देण्याचे कर्तव्य याच कायद्याने टाकले आहे. हक्क आणि कर्तव्य यांची अशी सांगड ज्या कायद्यात आहे, त्याला स्वैराचाराचे कवच म्हणणे अज्ञानाचे आहे.

गोपनीयता ही परकीय कल्पना आहे, हा आक्षेप तर आपल्याच परंपरेचे अज्ञान प्रकट करतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरात जे दिसेल ते बाहेर नेऊ नये, हा आदेश स्पष्ट आहे. धोक्याची शस्त्रक्रिया अथवा उग्र औषधयोजना करण्यापूर्वी संबंधितांना जीविताच्या संशयाची कल्पना द्यावी व अनुमती घ्यावी, ही शिकवणही सुश्रुत व चरक या दोहोंत आढळते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी चरक शपथेची शिफारस केली, तेव्हा तथाकथित पुरोगाम्यांनी गदारोळ केला. आपण त्या शपथेचे स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु ज्या शपथेचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यातील हे कलम आपल्या ओळखीच्या डॉक्टरने, लॅबवाल्याने, औषध दुकानदाराने मोडावे अशी अपेक्षा आपणच करणार असू, तर तो अभिमान पोकळ ठरेल.

या कायद्याचा पहिला मसुदा तयार करणारी मंडळी आपल्या विचारांची नव्हती, हे खरे आहे. तो मसुदा २००६ मध्ये सिद्ध होता. तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने विधेयक राज्यसभेत मांडले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये, कारकीर्द संपत आल्यावर. ते मंजूर करून घेण्याचे श्रेय २०१७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडी सरकारकडे जाते. पण श्रेयाबरोबर दायित्वही येते. मोफत उपचारांच्या तरतुदीत 'शक्य तेथवर' अशी पळवाट कायद्यात राहून गेली, तिच्यावर तेव्हाच टीका झाली होती आणि ती रास्त होती. तक्रारींसाठी प्रत्येक राज्याने लोकपाल नेमावयाचा आहे. २० वा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत व १०० वा अधिक माणसे असलेल्या अन्य आस्थापनेत तक्रार अधिकारी असला पाहिजे. आपल्या गावातील रुग्णालयात, आपल्या कारखान्यात, आपल्या बँकेत हा अधिकारी कोण, हे किती वाचकांना ठाऊक आहे? ज्याची माहिती कोणाला नाही, त्या अधिकाऱ्याचा उपयोगही कोणाला होत नाही.

रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या, रुग्णसेवेत रमणाऱ्या कार्यकर्त्यांवर तर विशेष जबाबदारी आहे. रक्तपेढीत दात्याच्या रक्ताची तपासणी कायद्यानुसार होतेच. तिच्यासाठी वेगळ्या संमतीची अट नाही. परंतु एखादा दाता पुढील शिबिरात का दिसला नाही, याची चौकशी, कुजबुज, तर्कवितर्क आपल्या तोंडून होता कामा नयेत. वस्तीत काम करताना एखाद्या घरातील आजार कानावर आला, तर तो आपल्यापाशीच थांबला पाहिजे. त्या घरातील मुलाची शाळा सुटणार नाही, सुनेला माहेरी पाठविले जाणार नाही, पंगतीत कोणाचे ताट वेगळे होणार नाही, हे पाहणे म्हणजे समरसता. भाषणातील समरसतेपेक्षा ती अवघड आहे.

न्यायालये आणि कायदे रुग्णाला भरपाई देऊ शकतात. गमावलेला शेजार आणि गमावलेले माहेर देऊ शकत नाहीत. ते देणे समाजाच्या हाती आहे. रुग्णाने विश्वासाने सोपविलेले गुपित जपणे हे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत. ते आपले कर्तव्य आहे. ते कर्तव्य निभावले गेले, तर चाचणीच्या खोलीत शिरताना उंबरठ्यावर थबकलेला माणूस आत पाऊल टाकील आणि त्याच्याबरोबर त्याची पत्नी व बालकही वाचतील.